माळावरची खरखर

शमीमबाई तांबोळींनी उभी हयात खरखरीशी भांडण्यात घालवली, आणि ते भांडण जिंकल्यावर दीड वर्षानं त्यांना कळलं, की आपण भलत्याच बाजूनं लढत होतो.

काटेगव्हाणच्या रेडिओ केंद्रावर त्या सत्तावीस वर्षं अभियंता होत्या. बालाघाटाच्या पायथ्याला गाव, गावाबाहेर साठ मीटरचा मनोरा, मनोऱ्याखाली तीन खोल्या. तिथून निघणाऱ्या बातम्या, बाजारभाव, लग्नाची आमंत्रणं आणि दुपारची गाणी चाळीस गावांत ऐकू जात. गावांच्या डोक्यावर पालसनचा माळ होता. माळावर मेंढरं फार आणि गिऱ्हाइकं कमी, म्हणून कुठल्याच मोबाइल कंपनीनं तिथं टॉवर उभारायची तसदी घेतली नव्हती. तिथल्या धनगरांच्या खांद्याला रेडिओ लटकलेला असे, आणि त्यातून गाण्यासोबत खरखर येई. केंद्रावर पत्रं यायची, ‘बाई, खरखर तेवढी कमी करा.’ शमीमबाई तारा बदलत, जोडण्या घासत, मनोऱ्यावर माणूस चढवत, पण खरखर काही हटत नसे.

मग कायदा बदलला. लहान गावांतली रेडिओ केंद्रं पूर्णपणे परदेशी कंपन्यांच्या मालकीची होऊ शकतील, असं ठरलं. काटेगव्हाणचं केंद्र चालवणारे विश्वस्त वयानं आणि उत्साहानं इतके थकले होते, की त्यांनी विक्रीचा कागद पुरता वाचलासुद्धा नाही. एका वर्षात व्हेस्टरहाव नावाच्या कंपनीनं राज्यातली बारा केंद्रं घेतली. कंपनीचं मुख्यालय सहा हजार किलोमीटरवर, मे महिन्यातही स्वेटर घालावा लागतो अशा एका शहरात होतं. खरं सांगायचं तर मालक वाईट नव्हते. त्यांनी गळकं छप्पर दुरुस्त केलं, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधलं, जे विश्वस्तांना वीस वर्षांत सुचलं नव्हतं, आणि केंद्रप्रमुख म्हणून पुण्यात शिकलेली एक हुशार मुलगी नेमली. तिचं नाव रिजवाना तांबोळी. आईवर साहेब म्हणून पोटची लेक आली, यावरून गावात वर्षभर थट्टा चालली.

कंपनीनं सोबत एक नवा रेडिओ आणला. नारिंगी रंगाचा, तळहाताएवढा, घरटी एक फुकट. जुने रेडिओ अडगळीत गेले. त्याचं नाव ‘नितळ’. जुना रेडिओ निवेदकाचा आवाज हवेतून जसाच्या तसा आणायचा, वाटेत लागेल तो कचरा घेऊन. नितळसाठी केंद्र आवाज पाठवतच नव्हतं. पाठवायचं ते फक्त आकड्यांतलं वर्णन: कोणता शब्द, किती चढा, किती सावकाश. रेडिओच्या पोटातला संगणक त्या आकड्यांवरून निवेदकाचा आवाज जागच्या जागी नव्यानं घडवायचा. शेजारणीनं भाकरी न पाठवता नुसती कृती सांगावी आणि भाकरी आपल्या तव्यावर भाजून घ्यावी, तसा हा प्रकार. वाटेत चार आकडे खराब झालेच, तर संगणक आजूबाजूच्या आकड्यांवरून ते ओळखून दुरुस्त करी, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

नवी यंत्रणा ताब्यात घेतानाच्या कागदावर एक रकाना होता: खरखर. शमीमबाईंनी त्यात ‘शून्य’ लिहिलं, सही केली आणि सगळ्यांना पेढे वाटले. त्या दिवशी त्या खरोखर सुखात होत्या.

पहिलं वर्ष कोरडंच गेलं. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात पालसनच्या माळावर वीज पडली. मायाप्पा शेंडगे नावाचा मेंढपाळ जागच्या जागी गेला. त्याचा थोरला भाऊ धुळाबा वाचला, पण त्याचा उजवा कान कायमचा बंद झाला. अर्धा कळपही मायाप्पासोबत गेला.

धुळाबाला शमीमबाई चांगल्या ओळखत. वर्षातून दोनदा तो जुना रेडिओ दुरुस्तीला आणायचा आणि दुरुस्त होईपर्यंत पायरीवर बसून तंबाखू मळायचा. त्या दवाखान्यात त्याला भेटायला गेल्या.

“माळावर थांबलात कशाला, धुळाबा? आभाळ दिसलं नाही का?” त्यांनी डाव्या कानाशी वाकून विचारलं.

“आभाळ उंटदऱ्याच्या पल्याड व्हतं, बाई. डोंगराआडचं आभाळ वर आल्याबिगर दिसत न्हाई.” धुळाबा सावकाश बोलला. “आमी रेडिओवर वळखतो. गाण्यात येक-दोन खरखर आली, तर खुशाल चारावं. बोलण्याच्या मधीमधी शिराया लागली, की मेंढरं गोळा करावी. बोलनंच कळंना झालं, की उतरावं, मागं बघू नये. बापानं दावलेलं हाय. त्या दिशी रेडिओ लई साफ बोलत व्हता. मीच मायाप्पाला म्हनलं, ईज लांब हाय, बस गपचिप.”

तो तक्रार करत नव्हता. चूक आपलीच, असंच त्याला वाटत होतं, आणि तेच शमीमबाईंना सोसेना. विजेचं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं. वीज कडाडते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही फेकते. त्या शेकडो किलोमीटर जातात, जुन्या रेडिओत खरखर होऊन ऐकू येतात, आणि वीज जितकी जवळ तितकी खरखर दाट. परीक्षेत या उत्तराला त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. माळावरची माणसं मात्र तेच शास्त्र दोन-तीन पिढ्या कानानं वाचत होती. सत्तावीस वर्षांत त्यांनी ते बाईंना सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटायचं. खरखर कमी करा, अशी पत्रं पाठवणारे सगळे खालच्या गावांतले होते. माळावरून तसं पत्र कधीच आलं नव्हतं, हे शमीमबाईंना आत्ता आठवलं.

बाहेर येऊन त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. त्या शून्याखाली त्यांची सही होती.

घरात तांबोळी मायलेकी दखनी बोलत, भांडण मात्र मराठीत करत. आठवडाभरानं रिजवाना दुपारच्या जेवणाला घरी आली, तर टेबलावर नितळचं पोट उघडं पडलेलं, शेजारी आईचा संगणक, आणि जेवणाचा पत्ता नाही.

“हे बघ आधी,” शमीमबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. “किती आकडे दुरुस्त केले याची हा रेडिओ नोंद ठेवतो. वेळही लिहितो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. रोज सकाळी गावातल्या मोबाइलच्या जाळ्यातून ती नोंद तुझ्या मालकांकडे जाते.”

“मला माहीत आहे, अम्मी. गुणवत्ता तपासायला. त्या फाइलचं नाव ‘दोष’ आहे.”

“मायाप्पा गेला त्या दिवशीचे दोष बघ.”

दुपारी दोनपर्यंत पडद्यावरची रेघ जमिनीला चिकटून होती. मग ती चढू लागली, आणि चारच्या सुमाराला सरळ वर गेली. रिजवाना उभी होती ती खुर्चीत बसली.

शमीमबाईंनी तिला पुढचं दाखवलं. एका विजेनं गावोगावच्या चौदा हजार रेडिओंत एकेक दोष निर्माण केला होता, पण अगदी एकाच क्षणी नाही. रेडिओलहरीलाही एक किलोमीटर जायला सेकंदाच्या दहा लाख भागांतले तीन भाग लागतात. त्यामुळे जवळच्या रेडिओत दोष आधी उमटतो, लांबच्या रेडिओत किंचित नंतर. चार गावांतल्या वेळा एकमेकींशी ताडून पाहिल्या, की वीज कुठं पडली ती जागा नकाशावर सापडते. पाच मिनिटांतल्या सगळ्या विजा मांडल्या, की वादळ कुठून कुठं निघालंय तेही दिसतं. जुन्या खरखरीला फक्त अंतर कळायचं, या नोंदीला दिशाही कळत होती.

“म्हणजे आपण चौदा हजार घरांत विजेवर पहारा बसवला,” रिजवाना हळू म्हणाली, “आणि पहारेकऱ्यांना गप्प राहायला सांगितलं.”

“मी सांगितलं. सहीनिशी.”

“पण अम्मी, सरकारी इशारे येतातच की फोनवर.”

“तालुक्यात विजांची शक्यता, एवढाच येतो. तालुका केवढा आहे? आणि माळावर फोन लागतो कुठं?”

रिजवानानं वाद घातला नाही. तिनं तिथंच मुख्यालयाला पत्र लिहिलं, आणि भाजी-भाकरी मायलेकींनी चार वाजता खाल्ली.

मुख्यालयातल्या विभागप्रमुख ओडा हॅल्व्हर डिसेंबरात पडद्यावर आल्या. बाई सज्जन होत्या. मायाप्पाचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. त्यांचं बोलणं एक यंत्र तिथल्या तिथं मराठीत आणत होतं, आणि ते यंत्र शाळेच्या पुस्तकांवर वाढलेलं असावं.

“आपली कल्पना अत्यंत रोचक आहे,” यंत्रातून ओडाबाई म्हणाल्या. “दोषांच्या नोंदी दर सेकंदाला आपल्या केंद्राकडे पाठवण्याची चाचणी मी मान्य करते. परंतु श्रोत्यांना खरखर ऐकवणे अशक्य आहे. खरखर कधीच नाही, हे एकतीस देशांत आमचे वचन आहे. ते बदलण्याचा अधिकार संचालक मंडळाचा. मंडळ सप्टेंबरात बसेल.”

“वळवाच्या विजा मे महिन्यात येतात,” शमीमबाई म्हणाल्या.

“मंडळ सप्टेंबरात बसते,” ओडाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहराही पडलेलाच होता.

आयत्या वेळचा तोंडी इशाराही मुख्यालयाच्या परवानगीवाचून रेडिओवर जाऊ शकत नव्हता. एक वाट उरली होती. परदेशी मालकी आली तेव्हा कायद्यानं प्रत्येक केंद्रावर एक आपत्ती-कळ ठेवायला लावली होती. ती दाबली, की तासभर सगळे रेडिओ मालकाच्या हातातून सुटून केंद्राच्या हातात येत, आणि केंद्र पाठवील तो आवाज संगणकाच्या दुरुस्तीविना जसाच्या तसा ऐकू येई. बंद रेडिओसुद्धा चालू होई. कळीवर दोन अंगठे लागत, अभियंत्याचा आणि केंद्रप्रमुखाचा. मात्र धोका खरा होता, हे सात दिवसांत सिद्ध करावं लागे. ते जमलं नाही, तर दोघांनाही जन्मभर रेडिओच्या कामाला बंदी आणि केंद्राला टाळं.

“ती कळ पूर आला, धरण फुटलं, तर आहे,” रिजवाना म्हणाली. “वीज पडेलसं वाटलं, म्हणून नाही. मुख्यालयाला न विचारता मी अंगठा लावला, तर माझं सगळं संपलं. मला ही नोकरी आवडते, अम्मी. ती मला कुणी दयेनं दिलेली नाही.”

“अंगठा तुझा आहे. मी तुला लाव म्हणणार नाही.”

“असं म्हणणं म्हणजे लाव म्हणण्यासारखंच आहे.”

त्यानंतर महिनाभर त्या घरात मराठीच चाललं.

तरी शमीमबाई थांबल्या नाहीत. कळ दाबायची वेळ आलीच, तर कोणता आवाज पाठवायचा, हे आधी ठरायला हवं होतं. त्यांनी एक भोंगा तयार केला आणि धुळाबाला बोलावलं. तो कळप घेऊनच आला. मेंढरं केंद्राच्या आवारात बसली. धुळाबानं भोंगा ऐकला आणि मान हलवली.

“भोंग्यानं मेंढरं बुजतात, बाई. चारी वाटांनी पळतील. आन मानसं म्हनतील, कुनाचं तरी भाषन हाय.”

मग बाईंनी संगणकावर खरखर बनवली. धुळाबानं डावा कान पुढं केला.

“ही पिठाची गिरनी झाली. ईज अशी मोजून पडती व्हय?”

बाई ओशाळल्या. तीन आठवडे खपून त्यांनी मायाप्पाच्या दिवसाची सगळी नोंद घेतली आणि प्रत्येक दोषामागे एक कडाका, जसा आला तशा वेळेला, जितका जवळचा तितका जाड, असा आवाज बांधला. धुळाबा पुन्हा कळप घेऊन आला, तेव्हा त्यांनी तो आवाज सुरू केला. आवारातली एक म्हातारी मेंढी, कळपाची म्होरकी, चरता चरता थांबली. तिनं मान वर केली आणि ती फाटकाकडे चालू लागली. तिच्यामागं आणखी चार जुन्या मेंढ्या उठल्या. दोन वर्षांच्या आतल्या मेंढ्यांना ही खरखर ठाऊकच नव्हती, पण म्होरकी निघाली म्हणून त्याही निघाल्या.

“हीच,” धुळाबा म्हणाला आणि काठी घेऊन कळपामागं धावला.

मेच्या मध्यावर माळावर बिरोबाची जत्रा भरते. चाळीस गावांतले धनगर कळपांसह वर येतात, ढोल वाजतात, भंडाऱ्यानं माणसं आणि मेंढरं दोन्ही पिवळी होतात. त्या दिवशी वर पाच हजार माणूस होतं. काटेगव्हाणात ऊन रखरखत होतं आणि आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. दुपारी दोनला शमीमबाईंच्या नकाशावर उंटदऱ्याच्या पलीकडे पहिले ठिपके उमटले.

अडीचला ठिपक्यांची गर्दी झाली आणि ती सरकू लागली. बाईंनी पट्टी लावून मोजलं. वादळ पन्नास किलोमीटरवर होतं आणि तासात माळावर पोचणार होतं. पायवाटेनं माळ उतरायला पाऊण तास लागतो.

रिजवानानं मुख्यालयाला फोन लावला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही वेळा ते पुस्तकी यंत्रच बोललं, “आज आमचा राष्ट्रीय उत्सव आहे. आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.” तिनं ओडाबाईंचा खासगी नंबर लावला, तो बंद होता. तिनं तहसील कार्यालयाला फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं, की विजांचा इशारा सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला आहे.

शमीमबाई उठल्या, भिंतीवरच्या कळीची काच उघडली आणि आपला अंगठा लावला. कळ अर्धी उजळली. त्या बाजूला उभ्या राहिल्या.

“वादळ वाटेत वळलं तर?” रिजवानानं विचारलं.

“तर आपण दोघी संपलो.”

“वळायची शक्यता किती?”

“पाचात एक,” बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं, पण या एका बाबतीत त्यांना पुन्हा चुकीचा आकडा लिहायचा नव्हता.

रिजवानानं नकाशाकडे पाहिलं. एक ठिपका उमटला, त्याच्यापुढं दुसरा. ती कळीपाशी आली.

“सरको अम्मी,” ती दखनीत म्हणाली, आणि तिनं अंगठा लावला.

वर काय झालं, ते शमीमबाईंना नंतर शंभर तोंडांनी ऐकायला मिळालं आणि प्रत्येक तोंडानं त्यात थोडी भर घातली. पण एवढं सगळ्यांनी सारखंच सांगितलं. जत्रेतले सगळे नारिंगी रेडिओ, खांद्यावरचे, पालांत टांगलेले, मिठाईच्या दुकानातले, एकदम खरखरू लागले. पोरांनी ते आपटून पाहिले, बिघडले म्हणून. म्हातारी माणसं जागच्या जागी थबकली. ढोल थांबले. कुणी काही म्हणायच्या आत जुन्या मेंढ्यांनी माना वळवल्या. एक कळप वळला, मग शेजारचा, आणि बघता बघता सगळा माळ उताराच्या दिशेनं चालू लागला.

आता लोक पश्चिमेच्या जवळच्या वाटेनं निघणार, हे शमीमबाईंनी ओळखलं, आणि वादळ तिकडूनच येत होतं. सत्तावीस वर्षं त्या यंत्रामागं होत्या, मायक्रोफोनसमोर कधी बसल्या नव्हत्या. आज बसल्या.

“पालसनच्या माळावरच्या लोकांनो, मी केंद्रावरची शमीम तांबोळी बोलतेय. ही खरखर खरी आहे. वीज उंटदऱ्याकडून येतेय. पश्चिमेची वाट धरू नका. पूर्वेच्या वाटेनं उतरा. लेकरं आधी, ढोल नंतर आणता येतील.”

हे त्या दर पाच मिनिटांनी सांगत राहिल्या. दोन सांगण्यांच्या मध्ये फक्त खरखर होती, आणि ती दाट होत चालली होती.

साडेतीनच्या आधी माळावर काळोख पडला. केंद्राच्या दारातून पूर्वेची वाट दिसते. मायलेकी दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी मेंढरं दिसली, मग माणसं, भंडाऱ्यानं माखलेली, उतारावरून खाली येणारी लांबच लांब पिवळी रांग. पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या पाठीवर. कुणीतरी ढोलही आणलाच होता. रांगेचं शेवटचं टोक खालच्या पाझर तलावापाशी पोचलं, आणि वर देवळासमोरच्या मोकळ्या पटांगणात पहिली वीज कोसळली. पाठोपाठ दहा कोसळल्या. जत्रेची निशाणकाठी मधोमध चिरली, पालं जळाली, मिठाईचं दुकान उडालं.

माणूस एकही गेलं नाही. रिजवाना हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शमीमबाईंनी तिला लहानपणी धरत तसं दंडाला घट्ट धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या यंत्रानं रिजवानाला अतिशय नम्र भाषेत कामावरून दूर केलं. सहाव्या दिवशी जिल्ह्याच्या गावी सुनावणी झाली. प्रसारण नियामक म्हणून देवस्थळी नावाच्या बाई आल्या होत्या, आणि सहा हजार किलोमीटरवरून ओडा हॅल्व्हर स्वतः आल्या होत्या. कंपनीच्या वकिलानं तासभर एकच मुद्दा मांडला: मनोरा कंपनीचा, रेडिओ कंपनीचे, दोषांच्या नोंदी कंपनीच्या, तेव्हा त्यांचा वापर कंपनीला विचारूनच व्हायला हवा होता.

“जत्रेच्या दिवशी मी तीन वेळा विचारलं,” रिजवाना म्हणाली. “तिन्ही वेळा माझा संदेश मोलाचा होता.”

सभागृहात हशा पिकला. देवस्थळीबाई हसल्या नाहीत. त्या ओडाबाईंकडे वळल्या.

“‘दोष’ नावाची ही फाइल तुमच्याकडे दोन वर्षं रोज येत होती. ती कुणी वाचली?”

यंत्रानं प्रश्न तिकडच्या भाषेत सांगितला. वकिलानं ओडाबाईंच्या बाहीला हात लावला, तो त्यांनी बाजूला केला.

“कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “ती टाकाऊ आहे असे आम्ही समजत होतो. तिच्यात काय वाचावे, हे सांगू शकणारा माणूस आमच्या शहरात नाही.”

मग धुळाबाला बोलावलं. त्यानं टोपी नीट केली आणि डावा कान पुढं करून उभा राहिला.

“मालक लांबचा हाय, त्याचं आमास्नी काई न्हाई,” तो म्हणाला. “छप्पर त्यानंच शाकारलं. पर ईज आमच्या डोक्यावर पडती. रेडिओ साफ करताना आमाला कुनी इचारलं न्हाई. बाईंनी बी न्हाई इचारलं. आता बाई इचारत्यात. बाकीच्यांनी बी इचारावं, येवढंच म्हननं हाय.”

शमीमबाईंनी मान खाली घातली. ते वाक्य त्यांना लागलं, आणि ते भर सभेत बोललं गेलं याचं त्यांना बरंही वाटलं.

निकाल दीड महिन्यानं आला, आणि त्यानं राज्यातल्या बाराही केंद्रांचं नशीब पालटलं. कळीचा वापर योग्य ठरला. ज्या केंद्राच्या इशाऱ्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत, त्याची निम्म्याहून जास्त मालकी ते केंद्र जिथवर ऐकू जातं तिथल्याच कुटुंबांकडे असेल. कंपनीला भागीदार म्हणून राहता येईल, मालक म्हणून नाही. दोषांच्या नोंदी आधी केंद्रावर येतील, मग हव्या तर जगभर जातील. या निकालाला कंपनीनं आव्हान दिलं नाही, कारण ओडाबाईंनीच मंडळाला तसं करू नका म्हणून कळवलं होतं. खरखर ऐकवायलाही मंडळानं सप्टेंबरात मान्यता दिली. मंडळ ठरल्याप्रमाणे सप्टेंबरातच बसलं.

परवान्याच्या नव्या अर्जात ‘मालकाचे नाव’ यासमोर एकच ओळ होती. कारकुनानं सांगितलं, संस्थेचं नाव लिहा आणि मोकळ्या व्हा. शमीमबाई म्हणाल्या, “ज्यांनी भाग घेतला, ते मालक तीन हजार चारशे बारा आहेत. जोडपत्र घ्या.” नव्या मालकांनी पहिल्याच सभेत रिजवानाला पुन्हा केंद्रप्रमुख केलं, आणि तिनं पहिला निर्णय जाहीर केला: नव्या मालकीच्या पहिल्या दिवशी बातम्या नाहीत, गाणी नाहीत. सगळ्या मालकांची नावं वाचायची.

तो दिवस ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यात उजाडला. सकाळी दहाला रिजवाना मायक्रोफोनसमोर बसली आणि वाचू लागली. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव. चाळीस गावांत लोक कामं टाकून रेडिओभोवती बसले होते. आपलं नाव आलं, की माणूस उगाचच सावरून बसायचा. एका म्हातारीनं फोन करून सांगितलं, की तिचं नाव घाईत वाचलं गेलं, पुन्हा वाचा. रिजवानानं पुन्हा वाचलं.

दुपारी एकला, नावं अर्ध्यावर आली असताना, शमीमबाईंनी काचेपलीकडून हात वर केला. नकाशावर ठिपके उमटले होते. रिजवाना थांबली, ओळीखाली पेन्सिलीची खूण केली आणि मागं सरकली. रेडिओतून खरखर सुरू झाली. या वेळी कुणी रेडिओ आपटला नाही. माळावरचे कळप पूर्वेच्या वाटेनं उतरले, धनगर पाझर तलावाच्या काठी बसून राहिले, आणि वर रिकाम्या माळावर तासभर विजा कोसळत राहिल्या. हळूहळू खरखर विरळ झाली, मग थांबली. शेवटचा ठिपका नकाशाबाहेर जाईपर्यंत शमीमबाई बघत राहिल्या. मग त्यांनी मान डोलावली.

रिजवाना पाणी प्यायली आणि खुणेवर बोट ठेवलं.

“मालक क्रमांक एक हजार सातशे अठ्ठावीस,” तिनं वाचलं. “कोंडाबाई सोपान वाघमोडे, मुक्काम पालसनचा माळ.”